नामंजुरीची मंजुरी

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनचे एक निवृत्त सभासद हातात पालिकेचा कागद घेऊन कचेरीत आले. मुंबईच्या उपनगरात त्यांचे स्वतःचे बैठे घर. मुलाचे लग्न ठरले, म्हणून वर एक खोली चढवावी यासाठी त्यांनी नकाशे जोडून रीतसर अर्ज केला होता. आलेल्या कागदाचा मथळाच 'नामंजुरीची सूचना' असा, तोही इंग्रजीत. गृहस्थ रडवेले झाले होते. आम्ही तात्काळ आयुक्तांच्या नावे एक खणखणीत निवेदन लिहिले आणि ते घेऊन इंजिनियरसाहेबांसमोर जाऊन बसलो. ते हसून म्हणाले, "अहो, हीच तर मंजुरी!" इतकी वर्षे चळवळीत काढलेल्या माणसाची अशी फजिती व्हावी हे बरे नव्हे, पण त्या फजितीपायीच आम्ही कायद्याचे पुस्तक उघडले.

मुंबई महापालिकेचा कायदा 1888 सालचा. नवे घर बांधायचे तर कलम 337 खाली आयुक्तांना आगाऊ सूचना द्यायची. असलेल्या घरात भर घालायची किंवा फेरफार करायचा तर कलम 342 खाली. या दोन कलमांत परवानगी 'मागण्या'ची भाषा नाही, कळवण्याची आहे, हे श्रोत्यांनी ध्यानात घ्यावे. पुढे कलम 345 म्हणते की, सूचना पोचल्यापासून 30 दिवसांत आयुक्तांनी लेखी नामंजुरी कळवली नाही, तर घरवाल्याने एका वर्षाच्या आत कामास लागावे; मात्र कायद्याचा व उपविधींचा भंग करू नये. म्हणजे सरकारचे मौन हीच संमती! त्या काळच्या कायद्यात रयतेच्या हाती एवढे बळ दिलेले पाहून आम्ही चकित झालो.

पण कारकुनी ही कायद्याहून हुशार असते. 30 दिवस उलटू द्यायचे नाहीत, आणि साफ होकार देऊन जबाबदारीही घ्यायची नाही. मग कलम 346 खाली नामंजुरी कळवायची, तिच्यासोबत अटींची लांबलचक यादी द्यायची, आणि त्या पुऱ्या केल्या की काम सुरू करू द्यायचे. आमच्या समजुतीप्रमाणे नामंजुरीची मंजुरी झाली ती अशी. 1966 च्या नगररचना कायद्यानंतर काम सुरू करण्याचा दाखला वेगळा घ्यावा लागू लागला, तरी जुने नाव काही सुटले नाही. वास्तुविशारदांना त्याचे काही वाटत नाही. साध्या माणसाला मात्र घाम फुटतो.

या अटी निव्वळ छळासाठी आल्या असे मात्र आम्ही म्हणणार नाही. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. उजेडासाठी घरांची कौले काढली गेली, मनुष्यवस्तीस अयोग्य ठरलेल्या घरांवर इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. 1898 साली सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या वतीने उजेडाचा 63½ अंशांचा नियम पुढे आला; त्याचा सोपा अर्थ असा की, समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक नसावी. नियम उत्तमच होता. पण ट्रस्टचा घरे पाडण्याचा वेग बांधण्याहून अधिक, त्यामुळे उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहू लागली.

आणि ज्याचे घरच स्वतःचे नाही, त्याने कोणती सूचना द्यायची? 1920 नंतर सरकारने बी.डी.डी. चाळी उठवल्या, एकेक खोली 160 चौरस फुटांची. गिरणगावात वाढ म्हणजे वर मजला नव्हे, पोटमाळा. आमच्या वडिलांनी आमच्या चाळीतल्या खोलीत दिवाळीच्या सुट्टीत सुताराकडून तो घालून घेतला. वर आम्ही तिघे भावंडे निजायचो. काही वर्षांनी घरमालकाच्या वकिलाची नोटीस आली: मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केले, सबब जागा खाली करा. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्यात तसे कलम होतेच. वडिलांनी एका रात्रीत फळ्या उतरवल्या. आम्ही शब्दकोश शेजारी घेऊन वाचलेला पहिला कायद्याचा कागद तो. 1999 च्या नव्या भाडेकायद्यात लाकडी पडदी, ओटा, खिडकी यांना सूट मिळाली. पोटमाळ्याचे नाव त्या यादीत आम्हास सापडले नाही.

इतके भोगूनही आम्ही परवानगीच्या विरुद्ध बोलत नाही, त्याला कारण आहे. 27 सप्टेंबर 2013 च्या पहाटे माझगावात बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली आणि 61 माणसे गेली. मालकी पालिकेची, राहणारेही बहुतेक पालिकेचेच नोकर व त्यांची बायकामुले. तळमजल्यावरच्या गोदामात परवानगीवाचून फेरफार केल्याचा आरोप पुढे आला. 1930 साली परदेशी कापडाच्या लॉरीखाली प्राण देणाऱ्या कामगाराचे नाव त्या इमारतीला होते.

आमच्या सभासदांच्या कागदावरही एक अट होती: जुना पाया व भिंती वरचा भार पेलतील, असा इंजिनियरचा दाखला. बाकीच्या अटी त्यांनी पुऱ्या केल्या. ही तेवढी कोणाला तरी चहापाणी देऊन टळेल का, असे त्यांनी आम्हास खाजगीत विचारले. आम्ही त्यांना दाखल्यासाठी परत धाडले. पाया अपुरा निघाला, त्याच्या मजबुतीत लग्नाचे पैसे गेले, आणि लग्न खोलीआधीच उरकावे लागले. तेव्हापासून ते युनियनच्या कचेरीत आलेले नाहीत.