कॉलेज सोडून पन्नास वर्षं झाली, आता गेट-टुगेदर कसं जमवायचं?

'चाळीस वर्षांनी पुन्हा भरला वर्ग' अशा मथळ्याच्या बातम्या सिंधुदुर्गात आता नव्या राहिलेल्या नाहीत. पण त्यातल्या बहुतेक शाळांच्या असतात. कॉलेजचा वर्ग जमवणं त्याहून अवघड असतं. वेंगुर्ल्याच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर महाविद्यालयासारख्या ठिकाणी गावोगावची मुलं दोन-चार वर्षं एकत्र आली आणि मग मुंबई, पुणे, गोव्याला पांगली. सत्तरच्या दशकातले हे विद्यार्थी आज साठी-सत्तरीत आहेत. त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' हे त्यांना परवडणारं नाही.

वर्गात नेमकं कोण कोण धरायचं?

पहिला घोळ इथेच होतो. १९७५ साली जुन्या अकरावीच्या एस.एस.सी.ची शेवटची आणि नव्या दहावीच्या एस.एस.सी.ची पहिली तुकडी एकदमच बाहेर पडली. अकरावीवाल्यांना पदवीला चार वर्षं लागायची, दहावीवाल्यांना अकरावी-बारावी धरून पाच. म्हणून मॅट्रिकच्या सालावर यादी केली तर वर्ग जुळत नाही. कॉलेजात एका बाकावर कोण बसायचं, तेच धरा.

दुसरं, फक्त पदवीधरांची यादी करू नका. नोकरी लागली, वडील गेले, लग्न ठरलं, अशा कारणांनी कित्येकांनी इंटरनंतर कॉलेज सोडलं. ते पदवीच्या यादीत सापडत नाहीत आणि 'आपण कुठे पास झालो' म्हणून स्वतःहून येतही नाहीत. त्यांना मुद्दाम बोलावणं करावं लागतं.

हरवलेले वर्गमित्र कसे शोधायचे?

कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघापासून सुरुवात करा. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा एक निकष असतो, त्यामुळे बहुतेक कॉलेजांत असा संघ किंवा त्याचं काम बघणारे प्राध्यापक असतात. दुसऱ्याचा पत्ता किंवा फोन मागण्यापेक्षा 'आमचा निरोप त्यांना पोचवा' असं सांगणं बरं.

जुनी कागदपत्रं पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला, त्याआधीच्या दाखल्यांवर जिल्हा रत्नागिरी असतो. आणि मुलींची नावं माहेरची असतात.

मैत्रिणींचा शोध सगळ्यात जास्त याच कारणाने अडतो. लग्नानंतर आडनाव बदललं, कधी नावही बदललं. फेसबुकवर जुन्या नावाने शोधून काही मिळत नाही. त्यापेक्षा माहेरच्या वाडीत चौकशी करा. भाऊ, वहिनी, शेजारी यांपैकी कोणाला तरी ठाऊक असतंच. पंधरा मुलगे आणि दोन मुली असा व्हॉट्सॲप ग्रुप झाला असेल, तर ग्रुप पुरा झाला असं समजू नका.

तारीख कधीची धरावी?

चाकरमानी गणपतीला गावी असतात, पण तेव्हा घर सोडून कोणी येत नाही. मे महिन्यात उकाडा, आंब्याची कामं आणि सुट्टीला आलेली नातवंडं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, प्रवासाला वेळ जास्त लागतो. डिसेंबरअखेर पर्यटकांची गर्दी. उरतो जानेवारीचा मधला काळ. फक्त आपापल्या गावच्या जत्रेची तारीख आधी विचारून घ्या.

रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी खुलं होतं. म्हणजे तारीख किमान तीन महिने आधी पक्की हवी.

प्रवासात कोणती सवलत मिळते?

* रेल्वेची ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे. खालच्या बर्थचा कोटा मात्र आहे: पुरुषांना ६० आणि महिलांना ४५ वर्षांपासून.
* एसटीत ७५ वर्षांवरील सर्वांना राज्यात मोफत प्रवास, ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट.
* महिलांना १७ मार्च २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धं तिकीट.
* गोव्याहून येणाऱ्यांना एसटीची ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच मिळते.

वेंगुर्ल्यात रेल्वे येत नाही. कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला उतरावं लागतं, तिथून पुढची गाडी आधीच ठरवा.

ग्रुपवर आजारपणाची आणि निधनाची बातमी कशी द्यावी?

या वयात ग्रुपवर बातमी येते ती बहुधा याचीच. आजारपणाची बातमी त्या व्यक्तीला किंवा घरच्यांना विचारूनच टाका. निधनाची बातमी असेल तर आधी एकाने घरी फोन करून खात्री करावी, मगच 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहावं. स्मार्टफोन नसलेल्यांना फोन करून कळवण्याचं काम एकाने अंगावर घ्यावं, नाहीतर जिवलग मित्र गेल्याचं कोणाला महिन्याभराने कळतं.

वर्गमित्राच्या नावाने नव्या नंबरवरून तातडीने पैसे मागणारा मेसेज आला, तर जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा. फसवणूक झालीच तर सायबर हेल्पलाइन १९३० आहे.

भेटल्यावर ओळख पटेल का?

अमेरिकेत १९७५ साली हॅरी बॅहरिक आणि सहकाऱ्यांनी ३९२ जणांना त्यांच्या शाळेतल्या वर्गसोबत्यांचे जुने फोटो दाखवले. शाळा सोडून तीस-पस्तीस वर्षं झालेल्यांनाही सुमारे ९० टक्के चेहरे ओळखता आले. नावं आठवणं मात्र बरंच कठीण गेलं. तेही फोटो तरुणपणीचे होते, समोर येतो तो चेहरा पिकलेला असतो. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर मोठ्या अक्षरांत नाव लावा, मैत्रिणींचं माहेरचं नावसुद्धा. कोणाला ओशाळं व्हायला नको.

एवढा खटाटोप कशासाठी?

हार्वर्डच्या २६८ विद्यार्थ्यांपासून १९३८ मध्ये सुरू झालेला एक अभ्यास आजही चालू आहे. पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती, ते ऐंशीत अधिक निरोगी राहिले, असं त्यात दिसलं. ती सगळी अमेरिकेतली गोरी मुलं होती, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा इथे लावता येणार नाही. पण मुलं शहरात, जोडीदार गेलेला आणि घरात एकटं माणूस, ही स्थिती कोकणातल्या अनेक घरांची आहे. अशा माणसाला अरे-तुरे करणारी माणसं आता थोडीच उरलेली असतात.

म्हणून सुवर्णमहोत्सवाची वाट बघू नका. हॉल, शाल-श्रीफळ, फेटे नसले तरी चालतं, मासळीचं जेवण आणि दुपारभर गजाली पुरतात. जे अंथरुणावर आहेत, त्यांच्या घरी दोघा-तिघांनी त्याच दिवशी जाऊन यावं. आणि यादीतल्या ज्या नावापुढे अजून 'पत्ता नाही' लिहिलंय, त्याच्या वाडीतल्या कोणाला तरी आजच एक फोन करा.