परदेशी ग्राहकाचे ई-बीजक : निर्यातदाराने काय पाळावे?

वडोदऱ्याच्या जुन्या शहराच्या मध्यभागी मांडवीची वास्तू उभी आहे. लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चारही वेशींचे रस्ते तेथे येऊन मिळतात. मराठीत ‘मांडवी’ म्हणजे जकातीचे ठाणेही. आपल्या मांडवी नदीचे नावही याच अर्थाशी जोडले जाते. आज परदेशी माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र पहिली नोंद संगणकावर करावी लागते.

कोणाला लागू?
२०१७-१८ पासून कोणत्याही एका आर्थिक वर्षात ज्यांची एकूण उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक झाली, त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-बीजक अनिवार्य आहे. ही उलाढाल पॅननुसार मोजली जाते. म्हणजे मांडवीत दुकान आणि पणजीत शाखा असल्यास दोन्हींची बेरीज धरली जाते. देशातील नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बिलाला हा नियम नाही. निर्यातीत मात्र ग्राहक व्यक्ती असो वा कंपनी, तो लागू होतो. सेझमधील युनिट, बँका व विमा कंपन्या यांना सूट आहे.

निर्यात कशाला म्हणावे?
परदेशी पर्यटकाने दुकानातून विकत घेऊन हाती नेलेली वस्तू किंवा त्याने येथील हॉटेलात केलेला मुक्काम ही निर्यात नव्हे. तेथे नेहमीप्रमाणे कर आकारावा लागतो.

नोंदणी कशी?
बिल स्वतःच्या प्रणालीत तयार करून त्याचा तपशील बीजक नोंदणी पोर्टलवर पाठवावा. खरेदीदाराच्या जीएसटी क्रमांकाच्या जागी ‘यूआरपी’, राज्य संकेतांक ९६ आणि पिनकोड ९९९९९९ भरावा. निर्यात करासह की कराविना, हेही निवडावे. शिपिंग बिलाचा क्रमांक त्या वेळी हाती नसला तरी चालते. पोर्टल ६४ अक्षरी संदर्भ क्रमांक आणि क्यूआर कोड देते. तो कोड बिलावर छापणे आवश्यक आहे.

कर न भरता निर्यात करायची असल्यास त्या आर्थिक वर्षाचे हमीपत्र आरएफडी-११ नमुन्यात आधी सादर करावे आणि बिलावर तसा उल्लेख करावा. बिलाच्या तारखेपासून तीन महिन्यांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. एरवी व्याजासह कर भरावा लागतो.

चूक झाल्यास
नोंदलेले ई-बीजक दुरुस्त होत नाही. ते २४ तासांत पोर्टलवर रद्द करता येते, पण तोच बिल क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. ती मुदत उलटल्यास क्रेडिट नोट किंवा विवरणपत्रातील दुरुस्ती हाच मार्ग उरतो. १० कोटी वा अधिक उलाढाल असलेल्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेनंतर ३० दिवसांतच नोंदणी करावी लागते.

दुर्लक्षाची किंमत
नियम लागू असूनही संदर्भ क्रमांक न घेतलेले बिल कायद्याच्या दृष्टीने बीजकच ठरत नाही आणि दंडाची तरतूदही आहे. खरा फटका परताव्याला बसतो. कर भरून निर्यात केलेल्या मालाचे शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज मानला जातो. त्यावरील बिल क्रमांक आणि जीएसटी विवरणपत्रातील क्रमांक यांत एका अक्षराचाही फरक असला, तरी परतावा अडकतो आणि छोट्या व्यापाऱ्याचे खेळते भांडवल गोठते. म्हणून कस्टम्स एजंटाकडे कागद देण्यापूर्वी ई-बीजकाचा क्रमांक व तारीख एकदा ताडून पाहावी.