हाइडची भीती आणि हजेरीचे दप्तर

खलनायक भयंकर असतो म्हणून त्याची भीती वाटते, असे आपण धरून चालतो. साहित्याचा आणि समाजाचा इतिहास तपासला तर हा क्रम पुष्कळदा उलटा दिसतो. आधी भीती घडवली जाते आणि मग तिला साजेसा खलनायक उभा केला जातो. हे काम कसे चालते ते इंग्रजी भयकथेच्या परंपरेतील एका लहान कादंबरीवरून पाहता येते. तेच काम सरकारी कायद्याने जिवंत माणसांवर कसे केले, हे महाराष्ट्रातील भटक्या-विमुक्तांच्या इतिहासावरून कळते. दोन्ही गोष्टी एकाच कालखंडातल्या आहेत. म्हणून त्या शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनची ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ ही कथा १८८६ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाली. लंडनमधील प्रतिष्ठित डॉक्टर हेन्री जेकिल एक औषध तयार करतो. ते घेतले की त्याचे शरीर पालटते आणि तो एडवर्ड हाइड होतो. हाइडच्या देहाने वाटेल ते करावे आणि पुन्हा औषध घेऊन अब्रूदार जेकिल व्हावे, अशी ही सोय आहे. वाचकाला मात्र हे रहस्य शेवटच्या प्रकरणांपर्यंत कळू दिलेले नाही. तोवर त्याच्यासमोर असतो हाइड आणि त्याच्याभोवतीचे भय.

हे भय लेखकाने कशातून उभे केले? हाइडची कृत्ये फार थोडी सांगितली आहेत. पहाटे तीनच्या सुमारास एका लहान मुलीला तुडवून तो पुढे जातो. नंतर सर डॅन्व्हर्स कॅर्यू या पार्लमेंटच्या वृद्ध सभासदाला तो काठीने ठेचून मारतो. बाकी सारे मोघम आहे. खरे भय त्याच्या चेहऱ्यात आहे आणि तो चेहरा कोणालाच धड सांगता येत नाही. एनफिल्डने त्याला समोरासमोर पाहिले आहे. त्याला त्यात काहीतरी व्यंग जाणवते. कोणते, हे मात्र सांगता येत नाही. पाहणाऱ्यांची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत, जुळते ती फक्त किळस. ही मोकळी सोडलेली जागा वाचक आपल्या मनातल्या सर्वांत हीन प्रतिमेने भरून काढतो.

त्या प्रतिमेची दिशाही लेखकाने ठरवून दिली आहे. हाइड खुजा आहे, माकडासारखा आहे. एका सकाळी जाग येताच आपले रूप पालटल्याचे जेकिलला कळते, ते हातावरून. त्याचा स्वतःचा हात मोठा, गोरा, डॉक्टरी पेशाला शोभणारा. त्या जागी शिरा वर आलेला, गाठाळ, काळपट, केसाळ हात असतो. म्हणजे दुष्टपणाचा रंगदेखील ठरलेला होता!

आता साक्षीदार पाहा. वकील अटरसन, त्याचा नातलग एनफिल्ड, डॉ. लॅनियन ही सारी एकाच सुस्थित वर्गातली मंडळी आहेत. मोलकरीण आणि बटलर यांच्या तोंडचेही आपल्यापर्यंत येते ते बहुतेक या वर्गाच्या मार्फत. तुडवल्या गेलेल्या मुलीचे प्रकरण शंभर पौंडांवर मिटते. या विषयावर पुन्हा बोलायचे नाही, असा एनफिल्ड आणि अटरसन यांच्यात करार होतो. या मौनाने भय वाढते आणि अब्रूदार घराचे रक्षणही होते. त्या घराला पुढून देखणा दरवाजा आहे. मागे रंग उडालेले, कळकट दार आहे आणि हाइड ये-जा करतो ती त्या मागच्या दाराने. पुढच्या आणि मागच्या दाराचा अर्थ गावकुसाबाहेर वाढलेल्या वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

ही कथा वर्गात शिकवत असताना कासारसाईच्या बाजूने येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, या हाइडला आईबाप नाहीत का?” प्रश्न साधा होता, पण त्याने कथेच्या मर्मावरच बोट ठेवले. खुनानंतर पोलीस शोध घेतात तेव्हा हाइडचे कुटुंब कुठेच सापडत नाही आणि त्याचा एकही फोटो मिळत नाही. ज्याला आई नाही, गाव नाही, भूक नाही, अशा माणसाला राक्षस ठरवणे सोपे जाते. शिवाय आपली हकीकत सांगण्याची संधी हाइडला एकदाही मिळत नाही. शेवटचे निवेदन आहे तेही जेकिलचे.

हाइड छापला जाण्याच्या पंधरा वर्षे आधी, १८७१ साली, ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. या कायद्याला गुन्हा घडण्याची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. त्यामागचा युक्तिवाद सरळ जातिव्यवस्थेतून उचललेला होता. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार! साहेबाने कायदा लिहिला, पण त्याचे तत्त्वज्ञान येथे आधीच तयार होते. १८७६ मध्ये इटलीच्या लोम्ब्रोसोने जन्मजात गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो, असा सिद्धान्त मांडला. म्हणजे शास्त्राचाही शिक्का बसला.

१९०८ मध्ये मुंबई इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचे पुस्तक निघाले. त्यात कैकाडी, पारधी, मांग गारुडी, भामटे यांचा पेहराव, बोली आणि चोरीच्या तऱ्हा जमातवार नोंदवल्या आहेत. येथेही वर्णन करणारा एका बाजूचा आणि वर्णिलेला मुका. नोंद, हजेरी, गावाबाहेर जायला पास, सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणातली सेटलमेंट, असे हे जगणे होते. मुलांना आईबापांपासून तोडण्याचीही तरतूद कायद्यात होती. हाइडला आईबाप नव्हते. येथे ते सरकारने हिरावून घेतले.

परंतु स्टीव्हन्सनला एका गोष्टीचे श्रेय दिलेच पाहिजे. कथेच्या शेवटी तो पडदा दूर करतो. हाइड बाहेरून आलेला नव्हता. तो अब्रूदार डॉक्टरच्या प्रयोगशाळेत, त्याच्याच इच्छेतून तयार झाला होता आणि मागच्या दाराची किल्ली त्याला डॉक्टरनेच दिली होती. कायद्याच्या दप्तराने हे शेवटचे पान कधीच उलटले नाही. जमिनी कोणी घेतल्या, जंगले कोणी बंद केली, मीठ-धान्य वाहणाऱ्यांचा धंदा कशाने बुडाला, हे त्या दप्तराने विचारले नाही.

ते पान आपल्या लेखकांनी लिहिले. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ मध्ये आली. हजेरीच्या दप्तरातला दरोडेखोर तेथे बापाचा मुलगा आहे, गावाचा माणूस आहे. दुष्काळात आपली माणसे उपाशी मरताना पाहून तो धान्य लुटतो आणि कोंडलेल्या आप्तांच्या सुटकेसाठी स्वतः सरकारच्या स्वाधीन होतो. ज्या प्रश्नांची उत्तरे हाइडच्या कथेत नाहीत, ती सारी येथे आहेत. पुढे लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ने (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (१९८७) आणखी एक पाऊल टाकले. दप्तरात ज्यांच्याविषयी लिहिले गेले, त्यांनीच लेखणी हाती घेतली. आपले चोरी करणे आणि आपली भूक, दोन्ही एकाच पानावर मांडण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. भय उरले, पण ते आता खलनायकाचे नव्हते. अशी माणसे घडवणाऱ्या व्यवस्थेचे होते.

कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जुना संशय नव्या नावाने चालू राहिला. तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातवार कामवाटप आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेख घटनाबाह्य ठरायला ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. गावात चोरी झाली की पहिली नजर आजही पारध्याच्या पालाकडे वळते.

म्हणून शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्यासमोरचे काम स्पष्ट आहे. कादंबरी असो, वर्तमानपत्र असो वा पोलिसांचा पंचनामा, एखादा माणूस भयंकर म्हणून आपल्यापुढे उभा केला गेला की काही प्रश्न विचारायला मुलांना शिकवले पाहिजे. याला पाहिले कोणी? सांगतो कोण? याचे आईबाप कुठे आहेत? आणि मागच्या दाराची किल्ली याला दिली कोणी?