सोलापूर–हैदराबाद मार्गावरील गाडीदुरुस्ती : कार्बुरेटर ते कंट्रोल मॉड्यूल

सोलापूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण व हुमनाबाद या तालुक्यांतून जातो. निजामाच्या राज्य रेल्वेने 1932 साली 27 बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली, तेव्हापासून पुढे कित्येक दशके या भागातील गाड्यांच्या इंजिनाचे नियमन यांत्रिकच होते. पेट्रोलगाडीचा कार्बुरेटर आणि डिझेलगाडीचा इंधनपंप मिस्त्री पान्याने व कानाने जुळवीत असे.

ही पद्धत मोडली ती प्रदूषणाच्या निकषांनी. इंधन किती आणि कोणत्या क्षणी सोडायचे हे ठरवणारा छोटा संगणक म्हणजे कंट्रोल मॉड्यूल, गॅरेजच्या बोलीत ईसीएम. आरंभीच्या मॉड्यूलमधील आज्ञावली चिपमध्ये पक्की भरलेली असे व ती बदलायची तर चिपच काढावी लागे. पुढे फ्लॅश मेमरी आली आणि गाडीतल्या गाडीत आज्ञावली पुसून नवी लिहिता येऊ लागली.

सीमाभागाची स्थिती मात्र चमत्कारिक होती. 1 एप्रिल 2010 रोजी भारत स्टेज-4 हे निकष ज्या 13 शहरांना लागू झाले त्यांत हैदराबाद होते, तसेच, अनेकांना नवल वाटेल, सोलापूरही होते. त्यांच्या मधला बिदर-कलबुर्गीचा पट्टा त्या वेळी स्टेज-3 वरच राहिला. त्यामुळे एमएच-13 म्हणजे सोलापूर पासिंगची नवी गाडी दर दहा लाख भागांत 50 भाग गंधक असलेल्या डिझेलसाठी बनलेली असली, तरी वाटेत तिच्या टाकीत 350 भागांचे डिझेल पडण्याचा संभव असे. स्टेज-4 देशभर लागू व्हायला 1 एप्रिल 2017 उजाडले.

स्टेज-4 च्या मोटारींना 2013 पासून सुधारित स्वनिदान यंत्रणा सक्तीची झाली. स्टिअरिंगखालच्या 16 पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला की बिघाडाचा कोड वाचता येतो, परंतु नवी आज्ञावली लिहिण्यासाठी कंपनीच्या सर्व्हरवरील फाइल, अधिकृत लॉगिन आणि काम संपेपर्यंत बॅटरीचा दाब टिकवणारा चार्जर लागतो. लेखन अर्ध्यावर तुटले तर मॉड्यूल निकामी होऊ शकते. 2020 च्या स्टेज-6 नंतर डिझेलगाडीच्या फिल्टरमधील काजळी केव्हा जाळायची हेही आज्ञावलीच ठरवू लागली. इंजिन जुळवण्याचे काम मिस्त्रीच्या हातून गेले ते त्याचे कसब उणे पडले म्हणून नव्हे, तर फाइल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही म्हणून.

केंद्र सरकारने 24 डिसेंबर 2022 रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. माहितीपुस्तिकेबरोबर मूळ फाइलही मिळत नाही तोवर हा हक्क हुमनाबादच्या स्वतंत्र गॅरेजला फारसा उपयोगी पडणारा नाही.