पोयीतला रस

माडाचा कुठलाच भाग वाया जात नाही, हे कोकणात शेंबडं पोरही सांगेल. काथ्याचं सुंभ, झावळांचे झाप, करवंटीची डवली. पण कोकणातले भंडारी आणि गोव्यातले रेंदेर यांचा पिढीजात धंदा उभा राहिला तो न उमललेल्या फुलोऱ्यावर, म्हणजे पोयीवर.

पानांनी तयार केलेली साखर खोडातून पोयीकडे येते, ती नारळ पोसायला. माडी काढणारा तिला वाटेतच गाठतो. पोय उमलू नये म्हणून ती घट्ट बांधायची, हलक्या हाताने ठोकायची आणि धारदार कातीने टोकाची पातळ चकती रोज उतरवायची. जखम सुकली की रस थांबला! त्यामुळे सकाळ-संध्याकाळ चढणं आलंच. माडाला फांदी नाही, म्हणून खोडावर खाचा पाडायच्या. अशा पोयीला नारळ मात्र धरत नाही.

रस उतरतो गोड, पण हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टमुळे काही तासांतच आंबून चढू लागतो. सरकारचा डोळा होता तो त्यावरच. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने हा धंदा परवान्यांत आणि करांत जखडला. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आल्यावर तर न आंबलेल्या नीरेलाही परवाना लागू लागला.