खोडदच्या छत्र्या आणि आपण

दिवाळीला भाचा आला होता. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटमधून थेट आमच्याकडे, अंगावर धूळ तशीच. चहा घेता घेता विषय निघाला पुणे-नाशिक रेल्वेचा. आमच्या भागात दोन माणसं बसली की हल्ली तो निघतोच. भाचा म्हणाला, "मावशी, तू एवढी शिकवत होतीस, सांग बरं. त्या खोडदच्या छत्र्यांनी आपल्याला काय दिलं? कारखाना काढायचा तर त्यांचा दाखला लागतो. आता रेल्वे पण गेली."

मी इतिहास-मराठीची बाई. शिवनेरी आणि नाणेघाटाबद्दल विचारलं असतं तर तासभर बोलले असते. नाणेघाटातल्या सातवाहनांच्या शिलालेखातले आकडे मी मुलांना हात लावून दाखवलेत. पण या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता आलं नाही. तो गेल्यावर रात्रभर तेच डोक्यात होतं. म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहिते आहे. भाचा वाचेलच, तुम्हीही वाचा.

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने ऐंशीएक किलोमीटर आलं की नारायणगाव, आणि तिथून आत खोडद. तिथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप म्हणजे जीएमआरटी ही दुर्बीण आहे. दुर्बीण एक, पण छत्र्या तीस. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यातल्या चौदा खोडदजवळ दाटीने आणि बाकीच्या सोळा तीन दिशांना, इंग्रजी वाय अक्षरासारख्या, पंचवीसेक किलोमीटरच्या पसाऱ्यात शेतांमधून उभ्या आहेत. उसाच्या, द्राक्षाच्या मळ्यामागून अचानक एखादी डोकं वर काढते.

आमच्या लोकांना छत्री नवी नव्हती. शेजारच्या आर्वीला १९७१ साली उपग्रहांशी बोलणारं केंद्र सुरू झालं, व्यापारी वापरासाठीचं देशातलं पहिलं. पण ती एकच छत्री, आणि ती कुंपणाच्या आत. आम्ही एसटीच्या खिडकीतून बघायचो. खोडदचं प्रकरण निराळं होतं, ते सरळ आमच्या शिवारातच आलं.

ते आणलं डॉ. गोविंद स्वरूप यांनी. उत्तर प्रदेशातला १९२९ सालचा जन्म. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत शिकून, काम करून, डॉ. होमी भाभांच्या बोलावण्यावरून १९६३ मध्ये परत आले. आधी कल्याणला ३२ लहान डिश लावल्या. मग १९७० मध्ये उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभी केली. त्या उताराचा कोन जवळजवळ तिथल्या अक्षांशाइतका, त्यामुळे दुर्बीण एकाच आसाभोवती फिरवली तरी आकाशातला तारा धरून ठेवता येतो. डोंगराचाच उपयोग करून घेणारा माणूस! त्यांनी आमचा भाग निवडला तोही असाच विचार करून. आजूबाजूला डोंगरांची आडोशाची भिंत, मोठी शहरं नाहीत, कारखाने नाहीत, आणि पुणे हाताशी. १९८७ मध्ये प्रकल्पाला मंजुरी मिळाली, नव्वदच्या दशकात छत्र्या उभ्या राहिल्या आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी ती दुर्बीण देशाला अर्पण झाली.

म्हणजे बघा, त्यांना आमच्याकडून हवी होती शांतता. कानांना ऐकू येते ती नव्हे, रेडिओची शांतता. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की आपल्या मोबाइलचा, वेल्डिंगच्या ठिणगीचा, विजेच्या सैल तारेचासुद्धा त्यांच्यात गोंगाट होतो. जमिनीपेक्षाही मोठी गोष्ट आम्ही दिली ती ही. आणि देताना आम्हाला ती कशासाठी देतोय हे नीटसं ठाऊक नव्हतं, हे मात्र कबूल करायला हवं.

आता माझी एक चूक सांगते. छत्र्या बांधायचं काम चाललं होतं तेव्हाची गोष्ट, १९९३च्या आसपासची. नववीच्या वर्गात मी शिवकालातला शेतसारा शिकवत होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. "बाई, एवढी मोठी दुर्बीण, पण तिला काच कुठंय? वर नुसती जाळीच बांधतात." वर्ग हसला. मी म्हणाले, "आधी सारावसुली पाठ कर, मग दुर्बिणीचं बघू. खाली बस." तो बसला. मला उत्तर येत नव्हतं, हे मी वर्गाला कळू दिलं नाही.

बाहेरून विद्वान येऊन बोलणं आम्हाला नवीन नव्हतं. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाची व्याख्यानं गावोगाव होत. फार मोलाचं काम होतं ते, मी स्वतः पुष्कळ ऐकली आहेत. पण रीत ठरलेली. पाहुणे यायचे, सतरंजीवर गाव बसायचं, तासभर व्याख्यान, नारळ-गुलाब, आभार, चहा. "कुणाला काही विचारायचंय?" म्हटलं की सगळे पायाकडे बघायचे. विचारायची सवय आम्हा शिक्षकांनीच लावली नव्हती, तर मुलं कुठून विचारणार?

ही रीत मोडायला पुण्यात कुणीतरी सुरुवात केली होती. विद्यापीठाच्याच आवारात १९८८ मध्ये आयुका ही खगोलशास्त्राची संस्था निघाली. तिचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर. त्यांनी शाळेतल्या मुलांसाठी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची व्याख्यानं सुरू केली. मुलं सही मागायला आली की ते म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही मिळेल. किती साधी युक्ती! सही हवी तर आधी प्रश्न सुचायला हवा. २० मे २०२५ रोजी डॉक्टर गेले तेव्हा किती घरांतून ती जुनी पोस्टकार्डं बाहेर निघाली असतील असं वाटलं.

खोडदची दुर्बीण चालवणारी संस्थाही, राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, त्याच आवारात, आयुकाच्या शेजारी आहे. ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची शाखा. खोडदला २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचा मोठा कार्यक्रम होतो. सर रामन यांनी १९२८ मध्ये याच तारखेला आपला शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून देशभर हा दिवस पाळतात. एरवी कुंपणाआड असलेली दुर्बीण त्या दिवशी सगळ्यांना बघायला मिळते. पण खरी गंमत पुढेच आहे. तिथे नुसतं बघायचं नसतं. शाळा-कॉलेजातली मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात, मांडतात, आणि संशोधक मंडळी टेबलापाशी उभं राहून मुलांचं ऐकून घेतात. व्याख्यानाच्या अगदी उलटं.

निवृत्त व्हायच्या दोनेक वर्षं आधी, म्हणजे २००६ साली, विज्ञानाचे सर रजेवर होते म्हणून मुलांबरोबर मला पाठवलं. गर्दी विचारू नका. जीप, टेम्पो, एसट्या भरभरून मुलं. मी आपली सावली शोधून डबे सांभाळत बसले होते. तेवढ्यात आमच्या आठवीतल्या एका मुलीने तिथल्या एका तरुण संशोधक बाईंना विचारलं, "ताई, हिला काच कुठंय?"

मी डबा ठेवला आणि कान टवकारले. तोच प्रश्न! तेरा वर्षांनी!

त्या हसल्या नाहीत. खाली बसल्या, काडीने मातीत एक लांब लाट काढली आणि लाटेशेजारी बारीक बारीक भोकांची जाळी. म्हणाल्या, "आपल्या डोळ्यांना दिसणारा उजेड म्हणजे फार बारीक लाट. तिला परतवायला गुळगुळीत आरसा लागतो. आम्ही ज्या लाटा पकडतो त्या हातभर, कधी काही मीटर लांब. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची. एवढ्या मोठ्या लाटेला ती जाळी म्हणजे सपाट पत्राच वाटतो, ती तिथून परत फिरते. वारा मात्र भोकांतून निघून जातो. म्हणून छत्री हलकी झाली, पोलाद कमी लागलं, पैसे वाचले." मग म्हणाल्या, "तुम्ही फार महत्त्वाचं विचारलंत. ही दुर्बीण परवडली ती या जाळीमुळेच."

डॉ. स्वरूप यांनी ताणलेल्या तारांवर पोलादी जाळी बसवण्याची ही जी रचना केली, तीच या दुर्बिणीची सगळ्यात नावाजलेली गोष्ट आहे, हे मी नंतर वाचलं. म्हणजे ज्या प्रश्नाला मी वर्गात खाली बसवलं होतं, त्यातच सगळं गुपित होतं.

त्या मुलाचं आता नारायणगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. एकदा पंपाची मोटर घेऊन गेले तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, "अरे, त्या दिवशी माझं चुकलं." तो मनापासून हसला. म्हणाला, "बाई, मला तर दहावीनंतर लगेचच कळलं होतं. ठेकेदाराकडे हेल्पर होतो ना मी. त्यातल्या दोन छत्र्यांची जाळी बांधायला होतो. तिथल्या एका साहेबाला विचारलं, त्यानं कागदावर काढून दाखवलं." आणि मग जरा थांबून, "माझ्या पोरांना सांगतो मी, ही माझी छत्री."

मला काय बोलावं सुचेना. मोटरचे पैसे त्याने घेतले नाहीत, ते वेगळंच.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे येते. काय दिलं?

जगाला काय दिलं ते सांगणं सोपं आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या स्किआपारेल्ली यानाचा बारीकसा संकेत आपल्या खोडदने पकडला होता. ते यान शेवटी कोसळलं, पण उतरताना त्याचं बोलणं इथे ऐकू येत होतं. जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झालं की सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संकेत याच दुर्बिणीने टिपला. २०१३ पासून रॅड@होम नावाचा उपक्रम चालतो. त्यात कॉलेजची मुलं आणि साधी नोकरदार माणसंसुद्धा शिकून घेऊन रेडिओ दुर्बिणींनी टिपलेल्या आकाशाच्या प्रतिमा तपासतात, संशोधकांना मदत करतात.

आणि गावाला? १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाच्या दुपारी आमच्या गावात रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी बीए झालेली, शाळेत शिकवणारी बाई, तीही दारं लावून आत बसले होते. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी शाळेच्या मैदानावर मुलं ग्रहणाचे चश्मे लावून रांगेत उभी होती आणि मी त्यांच्यात होते. हे सगळं एका दुर्बिणीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण तिचा वाटा आहे.

तरी भाच्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. विजेवर धावणाऱ्या रेल्वेच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात, तारेशी घासताना ठिणग्या उडतात, दुर्बिणीला ते सोसणार नाही, हे खरं. नारायणगाववरून आखलेला मार्ग याच कारणाने मागे पडला आणि शिर्डी-अहिल्यानगरच्या बाजूचा मार्ग पुढे आला, हेही खरं. टोमॅटोचा भाव पडला की लवकर दुसऱ्या बाजाराला पोचता आलं पाहिजे, हे त्याचं म्हणणं तितकंच खरं. विज्ञान साऱ्या जगाचं, आणि त्याची गैरसोय मात्र एका तालुक्याची. याचा हिशेब कुणीतरी नीट मांडायला हवा. तो मला येत नाही.

मला एवढंच कळतं की ज्यांनी गप्प राहायचं आहे, त्यांना ते कशासाठी हे कळलं पाहिजे. सैल तारेची ठिणगी शोधत दुर्बिणीची माणसं शिवारात येतात, वायरमनला बरोबर घेऊन ती दुरुस्त करून घेतात. तेव्हा ज्याच्या बांधावर ती तार आहे त्यालाही आकाशातलं काय ऐकू येत नव्हतं ते सांगावं. विज्ञान दिनाला सगळ्यांसाठी फाटक उघडतं, ते फार चांगलं आहे. आणखी दोन-चारदा उघडलं तर आणखी चांगलं. आणि आम्हीही नुसतं बघायला न जाता विचारायला जावं. रेल्वेचंसुद्धा तिथेच विचारावं, मोकळेपणाने.

असो. फार लांबलं. भाच्याची धाकटी सातवीत आहे. तिच्या शाळेचा प्रयोग या वर्षी खोडदला जायचाय, आणि तिला सोडायला भाचा जाणार आहे. मी म्हटलं, मीही येते. वाटेत रिवाइंडिंगच्या दुकानापाशी गाडी थांबव, तिथला एक जण बरोबर घ्यायचा आहे. त्याची छत्री कुठली ते त्यालाच दाखवू दे.

आणि हो, मोबाइल घरी ठेवून ये म्हणावं.