कूतचे मराठा युद्धकैदी आणि घरातली तबकडी

पहिल्या महायुद्धाच्या काळात आपला जिल्हा 'उत्तर कानडा' या नावाने मुंबई इलाख्यात होता. मराठा पलटणींपैकी १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. डिसेंबर १९१५ मध्ये टायग्रिस नदीकाठच्या कूत-अल-अमारा येथे तुर्की फौजेने त्यांना वेढले. धान्य संपत आल्यावर घोडे कापले गेले. बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारले, आणि उपासमारीने त्यांचीच प्रकृती जास्त ढासळली. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड शरण आले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली.

टाउनशेंड पुढे इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले. शिपायांना मात्र बगदाद, मोसूलमार्गे रास-अल-ऐनपर्यंत शेकडो मैल चालवत नेले आणि तिथे रेल्वेच्या कामाला जुंपले. तहान, हगवण, ताप, मार यांनी हजारो दगावले. लढाईत पडलेल्याची निदान जागा तरी सांगता येते. यांची तीही नाही.

ज्यांची कबर सापडत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक उभारले. त्यावर ब्रिटिश शिपायांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या दिली. आम्हाला हे आजही खुपते. नावे होती, पण ती वहीत राहिली. सुदैवाने कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत ती आता शोधता येतात आणि अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुकाही सापडतो.

शोधाची सुरुवात घरातूनच करावी. मृत सैनिकाच्या वारसाला सरकारने कांस्याची, सुमारे १२ सेंटीमीटर रुंदीची गोल तबकडी दिली होती. तिच्यावर एक स्त्री, सिंह आणि चौकटीत इंग्रजी अक्षरांत हुद्द्याविना नाव असते. बसऱ्याच्या दगडावर जे नाव नाही, ते इथे असते. चांदीच्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. म्हातारी माणसे 'बेळगावची पलटण' म्हणतात, पण १९२२ च्या फेररचनेनंतरचे ते नाव मेडलवर मिळणार नाही. तिथे जुना १०३, ११० किंवा ११७ हाच आकडा पाहावा. गावही जुन्या नावाने शोधावे. तालुका तेव्हा सुप्याचा होता. ते सुपे काळी नदीच्या धरणाखाली गेले, माणसे रामनगरला आली, आणि घर हलवताना ट्रंकेच्या तळाशी काय काय राहिले हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

अशी तबकडी किंवा मेडल कोणाकडे असल्यास दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो मंडळाकडे द्यावेत. मूळ वस्तू आम्हाला नको. एक विनंती: फोटोआधी ती चिंचेने किंवा राखेने घासू नका, कडेवरची अक्षरे झिजतात.